पुलापाशी उतरलेली मामी

मामा अचानक गेला आणि मामी आमच्याकडे राहायला आली. माझी आई तिची थोरली नणंद. नणंदेच्या घरी आश्रयाला यायचं, या विचारानेच मामी निम्मी झाली होती. दिवसभर गप्प बसून असायची.

आई उपनगरातल्या बसची ड्रायव्हर. महिनाभर तिने कळ काढली. मग एका सकाळी म्हणाली, "वहिनी, उठ. भिंतींकडेच बघायचंय तर निदान रोज वेगळ्या भिंती बघ. चल माझ्याबरोबर."

"मी येऊन काय करू, ताई?"

"काही नको करूस. बसमध्ये बस."

आमचं उपनगर नावालाच एक. बस टेकडीवरच्या बंगल्यांपासून निघायची, जुन्या वस्तीच्या गल्ल्यांतून अंग चोरत जायची, कालव्याचा पूल ओलांडून कारखान्यांना लागायची आणि दलदलीवर भराव घालून उठवलेल्या टॉवरांपाशी वळायची. टेकडीवरचे लोक टॉवरांकडे फिरकत नसत, टॉवरवाले टेकडीवर. पण दवाखाना, बाजार, स्टेशन सगळं पुलापाशी. तिथे सगळ्यांनाच उतरावं लागे.

एकदा एका बाईच्या कोटाची शिवण उसवली, तीही मुलाखतीला जाताना. बिचारी रडकुंडीला आली. मामीने पर्समधला सुईदोरा काढला आणि चालत्या बसमध्येच टाके घातले. आरशातून ते दिसल्यावर आईने काचसामान नेत असल्यासारखी बस हाकली.

मागे बसलेली लॉन्ड्रीवाली पुलापाशी उतरताना मामीला म्हणाली, "बाई, माझ्या दुकानात शिलाई मशीन धूळ खात पडलंय. येता का?"

मामीने आईकडे पाहिलं.

"माझ्याकडे काय बघतेस? उतर! मागे गाड्या खोळंबल्यात."

मामी उतरली. हळूहळू टेकडीवरचे सूट, कामगारांचे निळे गणवेश, टॉवरांतले पडदे तिच्या एकाच दोरीवर लटकू लागले. थांबलेली गिऱ्हाईकं एकमेकांशी बोलू लागली, आणि मामीही. आता तर तिला थांबवावं लागतं.

पुढे तिने पुलाजवळच दोन खोल्या घेतल्या. आई रिटायर झाली, गुडघे धरून एकटीच राहत होती. मी तिला भेटायला गेले होते, तेवढ्यात मामी टॅक्सी घेऊन हजर.

"चला ताई. एक खोली तुमची."

"भावजयीकडे राहायला? लोक काय म्हणतील?"

"म्हणू देत. सगळ्यांचे कपडे माझ्याच ताब्यात आहेत."

आई हसता हसता रडायला लागली. "तू नसतीस तर..."

"ते वाक्य माझं आहे, ताई," मामी म्हणाली.

मग दोघींनी मिळून मला सामान बांधायला बसवलं.