खून माझा, पिठलं-भात शेजाऱ्यांचा

माझा खून चाळीस वर्षांपूर्वी कार्डिफमध्ये झाला. त्या वेळी मी सहा वर्षांचा होतो आणि नागपुरात पाढे म्हणत होतो, पण टीव्हीवरच्या पोलिसांना असल्या बारीकसारीक गोष्टींशी काही देणंघेणं नसतं.

झालं असं, की इंग्लंडमधल्या ब्रॅकनेलच्या आमच्या ऑफिसात माझ्या शेजारी गॅरेथ नावाचा एक वेल्श माणूस बसतो. त्याची बायको शान तिकडे कार्डिफमध्ये एका टीव्ही मालिकेसाठी सामानसुमान जमवायचं काम करते. मालिका खुनांची. तीत एक इन्स्पेक्टरबाई दर आठवड्याला एखादा जुनापुराणा खून धूळ झटकून बाहेर काढतात आणि सगळ्यांच्या डोक्याला ताप करून ठेवतात. एका भागात कार्डिफच्या हॉस्पिटलात नोकरीला आलेल्या एका भारतीय डॉक्टरचा खून होता. डॉक्टर गोष्ट सुरू व्हायच्या आधीच गेलेला, त्यामुळे त्याच्यासाठी नट लागणार नव्हता. नुसता फोटो हवा होता. गॅरेथने माझ्या मिशीकडे पाहिलं.

"जस्ट वन फोटो, मेट," तो म्हणाला. "तुला काहीच करायचं नाही."

काहीच न करण्याचा माझा अनुभव दांडगा आहे. (अनघाला, म्हणजे माझ्या बायकोला विचारा.) मी लगेच हो म्हटलं. कार्डिफला गेलो, रुंद कॉलरचा तपकिरी कोट घातला, डोक्यावर भरघोस केसांचा टोप चढवला आणि फोटो काढून घेतला. आयुष्यात पहिल्यांदा माझा फोटो चांगला आला! त्यात मी चक्क हुशार दिसत होतो.

खरी गडबड पुढे झाली. शानने मला विचारलं, "तुमच्याकडे गेलेल्या माणसाचा फोटो भिंतीवर नेमका कसा लावतात?"

आता, मला ऑफिसात कोणी काही विचारत नाही. घरी तर नाहीच नाही. इथे एक बाई हातात पेन घेऊन माझ्या उत्तराची वाट बघत उभी! मी एकदम अधिकारवाणीने बोलू लागलो. कपाळाला कुंकवाचं बोट हवं. समोर उदबत्ती हवी. तिने आणलेली नारंगी प्लास्टिकची फुलं बघून तर मी नाकच मुरडलं.

"हे चालणार नाही. ही वरमाला वाटते. चंदनाचा हार पाहिजे."

"तो कुठे मिळेल?"

"माझ्याकडे आहे," मी म्हणालो. माणसाचं तोंड बंद राहिलं तर त्याची किती दुःखं वाचतील!

तो हार बाबांच्या फोटोचा होता. आईने नागपूरहून स्वतः आणून, इथे रीडिंगच्या घरी आमच्या हॉलमध्ये लावलेल्या बाबांच्या फोटोला घातलेला. मी तो हळूच काढला, डब्याच्या पिशवीत घातला आणि गॅरेथच्या हाती दिला.

"बाबांचा हार कुठे गेला रे?" दोन दिवसांनी अनघाने विचारलं.

"साफ करायला काढलाय."

"चंदनाचा हार साफ करतात?"

"इथल्या हवेत करावा लागतो," मी म्हणालो. परदेशात राहण्याचा एक फायदा असा, की कुठलीही गोष्ट इथल्या हवेवर ढकलता येते.

आईला मात्र ह्यातलं काहीच सांगायचं नाही, असं मी आणि अनघाने ठरवलं. आई अठ्ठ्याहत्तरची, नागपुरात एकटी राहते, बीपीची गोळी घेते. पोटच्या पोराने हौसेने मेल्याचं सोंग घेतलंय हे तिला सोसलं नसतं. ती इंग्रजी मालिका बघत नाही, त्यामुळे तिला कळण्याचं कारणच नव्हतं. योजनेत कुठेही फट नव्हती.

फट मंदारच्या रूपाने आली. मंदार माझा मावसभाऊ. रीडिंगमध्येच दोन गल्ल्या सोडून राहतो. तो भाग रविवारी सकाळी सगळ्यांनी मिळून बघायचा म्हणून अनघाने त्यालाही पोह्यांना बोलावलं होतं. इन्स्पेक्टरबाई डॉक्टरच्या म्हाताऱ्या विधवेच्या घरात शिरल्या, वळल्या, आणि पडदाभर मी! कपाळाला कुंकू, गळ्यात हार, समोर उदबत्तीचा धूर.

"बाबा, तुझा मिशी किती क्यूट दिसतो!" आमची तेरा वर्षांची ईरा किंचाळली. अनघा टोप बघून इतकी हसली की तिला ठसका लागला. मंदारने पटकन टीव्हीचा फोटो काढला. मंदारला फोटोच्या कडा कापल्याशिवाय चैन पडत नाही. त्याने टीव्हीची चौकट कापली, इन्स्पेक्टरबाईंचा कान कापला, आणि उरलो तेवढा मी, हारासकट, आमच्या फॅमिली ग्रुपवर टाकला. वर लिहिलं, "आमचे शिरीषदादा! असा माणूस होणे नाही!" आणि शेवटी जोडलेले हात.

"काय टाकलंस रे?" मी विचारलं.

"गंमत! बघ आता कसे मेसेज येतात."

मेसेज आले! पहिला अमरावतीच्या सुधाकरमामांचा. 'अत्यंत धक्कादायक. आज सकाळीच माझ्या सुप्रभातला त्याने अंगठा दाखवला होता. ईश्वर मृतात्म्यास शांती देवो.' मृतात्मा त्या वेळी पोह्यांवर लिंबू पिळत होता. मग पाठोपाठ भावपूर्ण श्रद्धांजलींची रांगच लागली. एका मामेबहिणीने लिहिलं, 'कधी कुणाच्या अध्यात ना मध्यात.' दुसरीने लिहिलं, 'थोडा आळशी होता, पण मनाने वाईट नव्हता.' ह्यावर सात जणांनी होकाराचा अंगठा दिला. सात!

मी घाईघाईने टाईप केलं, 'मी जिवंत आहे.'

मामांचं उत्तर लगेच आलं. 'अनघा, बाळ, धीर धर. त्याच्या फोनवरून असं लिहू नकोस. वाचवत नाही.'

मग मी मामांना फोनच लावला. "मामा, मी शिरीष बोलतोय! मला काही झालेलं नाही!"

पलीकडून मामांचा हुंदका. "काय आवाज आहे! अगदी त्याच्यासारखा! कोण, मंदार का रे?"

"मंदार नाही मामा, मी!"

"समजू शकतो. तुलाही धक्का बसलाय," मामा म्हणाले. "जरा अनघाला दे."

मी फोन अनघाला दिला. ती सांगायला गेली, "मामा, अहो, ते टीव्हीवर…" आणि तिला पुन्हा त्या टोपाची आठवण झाली. तोंडावर पदर, सॉरी, तोंडावर कुशन दाबून ती गदगदू लागली.

"रड, पोरी, मोकळी हो," मामा म्हणत होते. "आत दाबून ठेवू नकोस!"

"तुम्ही सगळे इतके कन्फ्यूज्ड का आहात?" ईरा म्हणाली. "बाबा, तू डेड नाहीये असा एक व्हिडिओ पाठव ना."

पोरगी अनघावर गेली आहे, हुशार आहे. मी अंगणात उभा राहिलो, हात हलवला, हसलो आणि म्हणालो, "नमस्कार मंडळी, मी सुखरूप आहे." व्हिडिओ ग्रुपवर गेला. मामांनी खाली लिहिलं, 'आठवणीतला शिरीष. किती प्रसन्न हसायचा!' आणि त्याखाली रडक्या चेहऱ्यांची माळ. मंदारने 'ही सगळी गंमत होती' असं लिहिलं, तर एका काकांनी त्याला झापलं. अशा प्रसंगी गंमत सुचते तरी कशी, म्हणे! मंदारला ग्रुपमधून काढून टाकलं. मी जिवंत आहे हे सांगणारा एकमेव माणूसही गेला. (मी स्वतः सांगत होतो, पण मला कोण विचारतो?)

आणि तेव्हा मला एकदम आठवलं. आई!

आई ग्रुपवर नाही. आमची सकाळ म्हणजे तिची दुपार, तेव्हा ती फोन कपाटात ठेवून झोपते. पण कुणीतरी घरी जाऊन सांगितलं तर? दारात चार माणसं खाली मान घालून उभी आहेत आणि आई एकेकाचा चेहरा वाचतेय, हे चित्र डोळ्यांसमोर आलं आणि माझं हसू पार मावळलं. बाबा गेल्याची बातमीही तिच्या दाराशी अशीच चालत आली होती. मी तिला फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. परत लावला. परत तेच. मग खालच्या मजल्यावरच्या ठोंबरेकाकूंना लावला. काकूंनी उचलला, पण धापा टाकत.

"हॅलो? कोण आहे? मी जिन्यात आहे नं! वर चाललीये. सुधाकररावांचा फोन आला होता. वहिनींना एकदम सांगू नका म्हणाले, म्हणून आम्ही आठ-दहा जणंच चाललोय!"

"काकू, थांबा! आईला काही सांगू नका! मी बोलतोय!"

"मी म्हणजे कोण?"

"शिरीष!"

काकूंनी एक आरोळी ठोकली आणि त्यानंतर फक्त 'बुडुक' असा आवाज आला. फोन बंद.

पुढचा अर्धा तास माझ्या आयुष्यातला सर्वांत लांब अर्धा तास. टीव्हीवर इन्स्पेक्टरबाई माझ्या विधवेला विचारत होत्या, "त्यांना शेवटचं कोणी पाहिलं?" आणि मी सोफ्यावर देवाला विनवत होतो, की हवं तर मला खरोखर ने, पण तिला काही होऊ देऊ नकोस. (ह्यात आईची आणखीच पंचाईत होईल, हे मला सुचलं नाही.) अनघाने विमानाची तिकिटं बघायला घेतली. मंदार भिंतीकडे तोंड करून बसला होता.

आणि फोन वाजला. आईचा व्हिडिओ कॉल. उचलायची हिंमत होईना. शेवटी ईराने उचलला. पडद्यावर आई. मागे सतरंज्या अंथरलेल्या, त्यावर पांढरे कपडे घातलेली अख्खी बिल्डिंग.

"आई! मी…"

"शिरीष," आई म्हणाली, "बाबांच्या फोटोचा हार कुठे आहे?"

अनघाने सावकाश मान वळवून बाबांच्या फोटोकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे.

"साफ… साफ करायला…"

"खोटं बोलू नकोस. काकूंच्या सुनेने मला तो फोटो दाखवला. खाली बसले मी. पण मग म्हटलं, पोरी, जरा मोठा करून दाखव. त्या हाराचे मणी सुटले होते म्हणून मीच लाल दोऱ्याने गाठ मारली होती. ती गाठ दिसली. आता मला सांग, अनघा कधी सासऱ्यांच्या फोटोवरचा हार काढून नवऱ्याच्या फोटोला घालेल का? मेली तरी घालणार नाही! असला उद्योग अख्ख्या घरात एकच माणूस करू शकतो. म्हटलं, हा जिवंतच आहे."

"आई, मग ह्या सगळ्या लोकांना पटलं कसं? मी तासभर ओरडतोय, कोणी ऐकत नाही!"

"मी गॅस पेटवला," आई म्हणाली.

एवढंच. ज्या घरातलं कोणी जातं त्या घरी चूल पेटत नाही, म्हणून तर शेजारी पिठलं-भात घेऊन जातात. आईने सगळ्यांदेखत गॅस पेटवला आणि वरणाचा कुकर चढवला. पहिल्या शिट्टीला बिल्डिंगने डोळे पुसले. माझा आवाज, माझा व्हिडिओ, माझी शपथ, कशालाच जी किंमत नव्हती ती एका शिट्टीला होती.

"वरण कशाला? पिठलं आणलं होतं ना त्यांनी?" मी विचारलं.

"त्यात काकूंचा फोन पडलाय," आई म्हणाली. मागून ठोंबरेकाकूंनी पिवळा झालेला फोन वर करून दाखवला. आणि मग आई एकदम थांबली, चष्मा काढला, पदराने डोळे टिपले. "पुन्हा असं करू नकोस रे राजा," ती हळूच म्हणाली. इकडे पहिल्यांदाच कोणी हसलं नाही.

टीव्हीवर डॉक्टरचा खुनी कोण निघाला ते आम्हाला अजून माहीत नाही. पुन्हा लावून बघायची कोणाची छाती नाही. पण त्या इन्स्पेक्टरबाईंना चाळीस वर्षांचा पुरावा आणि अख्खा एपिसोड लागला, तिथे आईने एका लाल दोऱ्यावरून आरोपी पकडला, आणि तोही वरण शिजायच्या आत.

शिक्षाही तिनेच सुनावली. मी कार्डिफला जाऊन हार परत आणला. आता रोज सकाळी ऑफिसला निघण्याआधी बाबांच्या फोटोला हात जोडायचे, उदबत्ती लावायची आणि व्हिडिओ कॉलवर हार जागेवर असल्याचं आईला दाखवायचं, ते जन्मभर. खून झालेल्यालाच जन्मठेप झाल्याचा हा बहुधा पहिलाच खटला असेल. त्यातून मामांनी परवा छातीठोकपणे सांगितलं, की माणूस मेल्याची खोटी बातमी उठली की त्याचं आयुष्य वाढतं. म्हणजे अपील करायच्या आधीच माझी शिक्षासुद्धा वाढली!