विहारातली माझी खुर्ची

आमच्या घरी शनिवारी संध्याकाळी इस्त्री तापायची ती एका पांढऱ्या सदऱ्यासाठी. आमचे हे नोकरीभर छापखान्यात राबले, कागदाचे गठ्ठे उचलून उचलून. पण धायरीत त्यांना सगळे गुरुजी म्हणतात, कारण आमच्या विहारात रविवार सकाळची वंदना हेच सांगतात. हे एक ओळ म्हणणार, मागून सगळ्यांनी ती म्हणायची. आवाज काही फार गोड नाही, पण शब्द असा सुटा सुटा की लहान मुलालाही आपोआप पाठ व्हावा. वंदनेचा तो सदरा त्यांनी मला कधी इस्त्रीला दिला नाही. म्हणायचे, "तू कॉलर जाळशील." मी जन्मात एक कॉलर जाळलेली नाही, पण असो.

कमरेचं दुखणं जुनंच. नोकरीत असताना बाम चोळायचा, पट्टा बांधायचा आणि कामावर जायचं. निवृत्त झाल्यावर मात्र ते फारच वाढलं. कमरेतून कळ निघायची ती थेट पोटरीत उतरायची. खुर्चीतून उठायचं तर आधी टेबल धरायचं, मग दात दाबायचे, मग उठायचं. विचारलं तर उत्तर एकच, "बरंय." शेवटी वाघोलीहून मुलगी आली आणि तिनेच मोठ्या दवाखान्यात नंबर लावला. त्या बोगद्यासारख्या यंत्रात घालून मणक्याचे फोटो काढले. मला वाटलं घाबरले असतील. बाहेर आले आणि म्हणाले, "आत नुसती ठोकाठोकी. वाटलं आपल्या जुन्या छापखान्यातच आलो."

डॉक्टर भला माणूस. फोटो उजेडावर धरून त्यांनी आम्हाला सगळं नीट दाखवलं. मणक्यांच्या मधल्या गाद्या झिजल्यात, त्यातली एक सरकून नस दाबतेय. म्हणाले, "ऑपरेशनची घाई नको. गोळ्या देतो, मणक्यात एक इंजेक्शन देऊ, आणि मुख्य म्हणजे व्यायाम. दुखणं पूर्ण जाईल असं मी सांगत नाही. पण हिंडते-फिरते राहाल." मला त्यांचं हे 'सांगत नाही' फार आवडलं. तोवर आम्हाला सगळं पूर्ण बरं करून देणारे पुष्कळ भेटले होते.

मग सुरू झाल्या आमच्या फेऱ्या. सिंहगड रस्त्यावरचा एकूण एक स्पीडब्रेकर मला ठाऊक झाला. आमच्याच गल्लीतल्या एका रिक्षावाल्याला मी बांधून घेतला होता. यांना धक्का बसू नये म्हणून तो रिक्षा अशी चालवायचा की सायकली पुढे जायच्या. एकदा म्हणाला, "आजी, मागचे शिव्या देतायत." मी म्हटलं, "देऊ दे की, तुला देतायत. मला कुठं?" हसला बिचारा, पण वेग काही वाढवला नाही. त्याचं भलं होवो.

घरात मी त्यांना मोजे घालायची, पायजम्याच्या नाड्या बांधायची, मोरीत प्लॅस्टिकचं स्टूल ठेवून पाठीवर पाणी घालायची. मोज्यांचं त्यांना फार लागलं. पहिल्या दिवशी भिंतीकडे तोंड करून बसले. मी म्हटलं, "अहो, नातवाला मोजे घालते तेव्हा तो गाणं म्हणतो. तुम्ही निदान तोंड तरी इकडे करा." तेव्हा कुठं हसले.

इंजेक्शनने कळ बरीच बसली. व्यायाम शिकवायला दर सोमवारी एक तरुण मुलगी घरी येऊ लागली, फिजिओथेरपिस्ट. अंथरुणातून उठताना सरळ उठायचं नाही, आधी कुशीवर वळायचं, मग पाय खाली सोडायचे. उताणं पडून गुडघे दुमडायचे आणि कंबर हळूच वर उचलायची. बराच वेळ उभं राहायचं असेल तर एक पाय पाटावर ठेवायचा. सगळं हसतखेळत शिकवायची. तिचं एकच कोडं होतं. आठवडाभर हे सुधारायचे आणि सोमवारी ती आली की पुन्हा लाकडासारखे ताठ.

"आजोबा, रविवारी काय करता?"

"काही नाही. आराम."

तिनं माझ्याकडे पाहिलं. यांनीही माझ्याकडे पाहिलं. तिचं पाहणं जास्त भारी पडलं. मी सांगून टाकलं, "विहारात जातात. मांडी घालून बसतात, सगळी वंदना होईपर्यंत. शिवाय गुडघे टेकून, कपाळ जमिनीला लावून नमस्कार करतात. एकदा नाही, तीनदा."

ती पोरगी पलंगाच्या कडेवरच बसली. "आजोबा, मी आठवडाभर विणते आणि तुम्ही रविवारी उसवता होय? खाली बसणं बंद. खुर्चीवर बसा ना."

"बुद्धांपुढे खुर्चीवर?" हे म्हणाले. "सगळे जमिनीवर आणि मी एकटा वर? मोठा साहेब लागून गेलो."

आमच्या विहारात मुळी खुर्ची नव्हतीच. कुणी तसा नियम केला नव्हता. सतरंजी अंथरायची, लहानथोर सगळ्यांनी एका पातळीवर बसायचं. आमच्या वडीलधाऱ्यांनी खालच्या-वरच्या जागा पुष्कळ पाहिल्या होत्या, म्हणून इथे सगळे सारखे. यांना त्याचा अभिमान. तेव्हा यांनी सोपा मार्ग काढला. विहारात जाणंच सोडलं.

आणि मग मला खरी काळजी लागली. शनिवारी इस्त्री तापेना. सदरा खुंटीवर तसाच. मी म्हटलं, घरी बसून म्हणा वंदना, तर म्हणाले, "सांगायला मागं माणसं लागतात." हळूहळू व्यायामही सुटला. मी चटई अंथरली की म्हणायचे, "कशाला? कुठं जायचंय मला?" दुखण्याने माणूस कण्हतो ते ऐकवतं. हे 'कुठं जायचंय' मात्र ऐकवेना. डॉक्टरांनी हिंडते-फिरते राहाल म्हणून सांगितलं होतं, आणि इथे हिंडायचं कारणच संपलं होतं. असेच बसून राहिले तर उद्या हे पलंगाचेच होतील, असं मला दिसायला लागलं.

मी मात्र रविवारी जात होते. यांच्या जागी यांचे एक जुने स्नेही वंदना सांगायचे. मनानं सोनं, पण एवढी घाई की जणू बाहेर बस लागलीय. आम्ही बायका अर्धी ओळ म्हणतोय तोवर ते पुढच्या ओळीत. घरी येऊन मी यांना तसं सांगितलं, तर चेहरा उजळला आणि पुन्हा विझला.

एका रविवारी मी गच्चीतली घडीची खुर्ची काढली, पुसली आणि काखेत मारून निघाले.

वाटेत शेजारीण भेटली. "अगं, खुर्ची कुठं निघाली?"

"वंदनेला. गुडघे धरलेत माझे."

माझ्या गुडघ्यांना काही म्हणजे काही झालेलं नव्हतं. पण मनात म्हटलं, पहिली खुर्ची यांची असणार नाही. विहारात मागच्या भिंतीला खुर्ची लावली आणि बसले. सगळ्यांच्या माना वळल्या. एक-दोघी कुजबुजल्या. यांचे स्नेही म्हणाले, "वहिनी, अध्यक्षस्थान स्वीकारलंत?" मी म्हटलं, "तुम्ही सावकाश म्हणणार असाल तर खाली उतरते." त्यावर त्यांनी वंदना सुरू केली, आणि खरंच जरा सावकाश म्हटली.

पुढच्या रविवारी वंदना संपता संपता एक म्हातारी माझ्याजवळ आली, म्हणाली, "ऊठ जरा, मला टेकू दे." त्याच्या पुढच्या रविवारी तिच्या सुनेने तिच्यासाठी स्टूल आणलं. मग कुणी घरची प्लॅस्टिकची खुर्ची आणली, कुणी बाकडं. ज्यांचे गुडघे, कंबर गेली म्हणून येणं थांबलं होतं, आणि ज्यांच्याबद्दल आम्हाला वाटायचं की आता यांना आवड राहिली नाही, ती माणसं परत दिसायला लागली. सगळी मागच्या भिंतीला ओळीने. यांच्यासारखे किती जण घरी बसून होते, हे आम्हाला ठाऊकच नव्हतं.

ही बातमी यांच्यापर्यंत पोचवली ती त्या स्नेह्यांनीच. घरी आले, चहा घेता घेता म्हणाले, "गुरुजी, तुमच्या मंडळींनी विहाराचं थेटर केलंय. मागं बाल्कनी झालीय. सगळी जुनी मंडळी हजर आहेत, तुमच्याशिवाय."

"हिनं? ते का?"

"गुडघे दुखतात ना वहिनींचे."

मी तेव्हा जमिनीवर मांडी ठोकून मेथी निवडत होते. यांनी माझ्या गुडघ्यांकडे पाहिलं. मी मेथीकडे पाहिलं.  स्नेही गेल्यावर हे म्हणाले, "कधीपासून दुखतात?"

"रविवारचे दुखतात," मी म्हटलं.

यांनी चहाची कपबशी बाजूला सारली. मग विचारलं, "खुर्च्या पार मागं असतात ना? कुणाच्या पुढं नाही?"

"भिंतीला टेकून."

त्या सोमवारी चटई मला अंथरावी लागली नाही. व्यायामाची मुलगी आली तेव्हा हे उताणे पडून कंबर उचलत होते. तिनं माझ्याकडे पाहून भुवया उडवल्या. मी म्हटलं, "मला काही विचारू नकोस, त्यांना विचार." ती नव्या उमेदीने कामाला लागली. खुर्चीत पाठ कशी ठेवायची, मागं उशी कुठं लावायची, मध्येच उभं कधी राहायचं, आणि नमस्कार बसूनच, कमरेत न वाकता हात जोडून कसा करायचा, सगळं तिनं बसवून घेतलं. तिचा धर्म वेगळा, आमच्या वंदनेचं तिला काहीच ठाऊक नाही. पण वंदना किती वेळ चालते हे तिनं इतकं बारकाईने विचारून घेतलं की मला भरून आलं.

मग एका शनिवारी संध्याकाळी मी भाकरी थापत होते आणि तापल्या इस्त्रीचा वास आला. बाहेर डोकावले तर हे टेबलाशी उभे. एक पाय पाटावर, हातात इस्त्री.

"द्या, मी करते."

"नको. कॉलर जाळशील."

मी आत आले आणि पदराने डोळे पुसले. भाकरी मात्र करपली.

दुसऱ्या दिवशी विहारात गेलो तर मागच्या ओळीत एकही खुर्ची रिकामी नाही. आमच्याकडे खुर्ची एकच, माझी. ती मी भिंतीशी मांडली, उशी लावली, यांना बसवलं. पुढं बसलेले स्नेही वळले आणि म्हणाले, "गुरुजी, सांगा तुम्हीच. माझं ऐकून वहिनींना धाप लागते."

"इथून? मागून?"

"ऐकू येतं की मागून."

आणि यांनी मागूनच सुरुवात केली. आम्ही सगळे मूर्तीकडे तोंड करून बसलेले आणि शब्द पाठीमागून येत होते, सुटे सुटे, प्रत्येकाला पुरेसा वेळ देणारे. पहिल्या दोन ओळी आवाज थोडा कापला. मग लागला.

दुखणं अजून आहे. थंडीत वाढतं, गोळी लागते, मोजे अजून मीच घालते. डॉक्टरांनी सांगितलं होतं तसंच आहे, ना कमी ना जास्त. पण शनिवारी इस्त्री तापते. त्या डॉक्टरांची, त्या व्यायाम शिकवणाऱ्या मुलीची, सावकाश जाणाऱ्या रिक्षावाल्याची, स्टूल घेऊन आलेल्या सुनेची, सगळ्यांची मी ऋणी आहे, आणि त्यांना तोंडावर सांगायला मी लाजले म्हणून इथे लिहितेय.

त्या रविवारी खुर्ची यांना दिल्यावर मी पहिल्यासारखी सतरंजीवर मांडी घालून बसले होते. शेजारीण कानाशी लागली, "गुडघे बरे झाले वाटतं?"

"आजच," मी म्हटलं, आणि यांच्या मागून पुढची ओळ म्हणायला लागले.