हातमोजेवाल्याची आई

सदानंद कोचरेकरांच्या ऑफिसातला एखादा माणूस संध्याकाळी चंदनसारच्या 'श्रीपत दर्शन' सोसायटीत आला असता, तर त्याने त्यांना ओळखलं नसतं. विमा कचेरीच्या आवक-जावक विभागात ते 'इथे सही करा' याच्या पलीकडे फारसं बोलत नसत. घरात बोलण्याचं खातं पहिल्यापासून मनोरमाबाईंकडे. पण संध्याकाळी लोडशेडिंगमुळे दिवे गेले, टीव्ही मुके झाले, की अख्खी सोसायटी पंखे हलवत खाली अंगणात उतरे आणि पाण्याच्या टाकीच्या कठड्यावर बसून सदानंदराव सिनेमा सांगत.

सांगत म्हणजे काय, दाखवतच. दार करकरायचं ते त्यांच्या तोंडून. बूट वाजायचे ते त्यांच्या चपलेने. अंधारात वीस-पंचवीस माणसं श्वास रोखून बसत आणि मधेच वीज आली तर चक्क नाराज होत.

एका शुक्रवारी त्यांनी एक इंग्रजी सिनेमा सुरू केला. व्हिडिओ लायब्ररीतून आणलेल्या सीडीचा पहिला भाग त्यांनी आदल्या दिवशी पाहिला होता. एकामागून एक खून करणारा माणूस, पण काय त्याचा थाट! राखी सूट, पांढरे हातमोजे. खुनाआधी पियानोची तबकडी लावणार, नंतर रुमालाची घडी घालणार. हातमोजे कधी म्हणून काढणार नाही, त्यामुळे बोटाचा ठसा नाही, त्यामुळे पोलीस हैराण.

मेलं कोण, याची चौकशी कुणी केली नाही. सूट कुठे शिवला, हे मात्र दोघांनी विचारलं.

"खून करतो, पण किती स्वच्छ!" पहिल्या मजल्यावरच्या विनितावहिनी म्हणाल्या. "नाहीतर आमच्याकडे. हे नुसता आंबा कापतात तर ओटा धुवायला लागतो."

पुढचा भाग शनिवारी, असं ठरलं. शनिवारी दुपारी सदानंदरावांनी दुसरी सीडी घातली, तर पडद्यावर घट्ट कपड्यांतली एक बाई हातपाय ताणून व्यायाम शिकवायला लागली. लायब्ररीवाल्याने भलतीच सीडी घातली होती. ते धावत गेले, तर शटरला कुलूप.

"आता काय सांगणार?" मनोरमाबाईंनी पडद्यावरच्या बाईबरोबर हात वर-खाली करून बघत विचारलं.

"दुसरी मिळाली नाही, असं सांगतो. त्यात काय?"

त्याच इराद्याने ते खाली गेले. पण कठड्यावर त्यांच्या जागी कुणीतरी वर्तमानपत्र अंथरून ठेवलं होतं. चाळीस वर्षांच्या नोकरीत त्यांच्यासाठी कुणी खुर्चीसुद्धा पुसली नव्हती. ते बसले आणि बोलायला लागले. खुन्याला पावसातून चालवला, पुलावर उभा केला, परत चालवला. पण त्याला पकडायचा कसा, हे काही सुचेना. तेवढ्यात दुसऱ्या मजल्याच्या खिडकीतून मनोरमाबाईंची रोजच्यासारखी हाक आली, "अहो, हात धुऊन बसा! पानं वाढतेय!"

सदानंदरावांनी वर खिडकीकडे पाहिलं. मग आवाज खाली आणून म्हणाले, "आणि तो आईच्या घरी गेला."

म्हातारी आई. कित्येक वर्षांनी मुलगा दारात. ती काही विचारत नाही. म्हणते, हात धुऊन बस. समोर वरणभाताचं ताट. आईपुढे हातमोजे घालून जेवायचं कसं? तो आधी डावा काढतो, मग उजवा. जेवतो, पाण्याचा पेला उचलतो, आणि त्या पेल्यावर उमटतो आयुष्यातला पहिला ठसा. दाराआडून इन्स्पेक्टर पुढे होतो. आई म्हणते, त्याला जेवू दे.

विनितावहिनींनी पदर डोळ्यांना लावला. परदेशातली आई वरणभात का वाढते, असा प्रश्न कुणालाच पडला नाही.

त्यानंतर दोन वर्षं तो सिनेमा फर्माइशीने सांगितला गेला. आणि मग त्यावरून काढलेला हिंदी सिनेमा विरारला लागला.

सोसायटी घोळक्याने गेली आणि तावातावाने परतली. हिंदीतला खुनी गॉगल लावून बर्फात नाचत होता आणि शेवटी हेलिकॉप्टरमधून पडून मेला.

"मातेरं केलं ओरिजनलचं," सेक्रेटरी हर्षवर्धन म्हणाला. संगणकाच्या कंपनीत असल्यामुळे त्याच्या मताला वजन होतं. "मूळ सिनेमाचा आत्माच काढून टाकला."

"आईच नाही हो!" विनितावहिनी कळवळल्या. "आई काढली, मग राहिलं काय?"

"पण गॉगल चांगला होता," हर्षवर्धनची बायको स्वप्ना म्हणाली.

"स्वप्ना, तू ओरिजनल पाहिलेला नाहीस."

"तू तरी कुठे पाहिलायस?"

"काकांकडून ऐकलाय. पाहिल्यासारखाच आहे."

सदानंदराव आपली बोटं बघत होते.

हे सगळं भूपेशने ऐकलं. सोसायटी उभी होती ती जमीन त्याच्या आजोबांची, श्रीपतरावांची. आता तळमजल्यावर त्याचं सीडीचं दुकान होतं. चार दिवसांनी तो हसत अंगणात आला.

"काका, ओरिजनल आनलाय! दोन्ही पार्ट. रविवारी सोसायटीच्या ऑफिसात लावतो, सगल्यांना बघू दे. चहापानी माझ्याकडून."

त्या रात्री सदानंदरावांना जेवण गेलं नाही. "आजारी आहे म्हणून सांग," ते म्हणाले.

"आणि तुम्हाला बरं वाटेपर्यंत सिनेमा थांबणार आहे?" मनोरमाबाई म्हणाल्या. मग त्यांच्या चेहऱ्याकडे बघून जरा हळू म्हणाल्या, "काय होईल फार तर? हसतील."

"हसू देत. पण नंतर कठड्यावर कोण बसू देणार?"

मनोरमाबाईंनी फक्त त्यांच्या भातावर तूप वाढलं.

रविवारी सोसायटीच्या ऑफिसात पाय ठेवायला जागा नव्हती. पहिला भाग सदानंदरावांनी सांगितला तस्साच निघाला. माना डोलत होत्या. भूपेशने दुसरी सीडी घातली. सदानंदराव दाराजवळ सरकले. पडद्यावरचा खुनी विमानतळावर गेला, गर्दीत मिसळला, आणि हातमोज्यांसकट निघून गेला. नावं वर सरकायला लागली. आई नाही, ताट नाही, पेला नाही.

सदानंदरावांनी घसा खाकरला. "मला जरा सांगायचंय. त्या वेळी माझ्याकडे दुसरी..."

"थांबा काका!" हर्षवर्धन उठला. "भूपेश, ही कॉपी कुठून उचललीस?"

"कॉपी? शंभर टक्के ओरिजनल हाय ती!"

"मग आई कुठाय?"

"सेन्सॉरने कापली असणार," स्वप्ना म्हणाली.

"आईला कापतात आणि खून ठेवतात!" विनितावहिनी कडाडल्या. "देशाचं काय होणार?"

भूपेशने सीडी काढून दिव्यासमोर धरली, जणू आई तिच्यात कुठेतरी अडकली असावी. "काका, सॉरी हं," तो म्हणाला. "तुमच्यासमोर लाज गेली."

"अहो, पण मी खरंच तो..." सदानंदराव म्हणाले. कुणी ऐकलं नाही. तेवढ्यात ठरल्या वेळी वीज गेली आणि सगळ्यांना सुटल्यासारखं झालं.

"चला काका, खरा सांगा बघू! तोंडाची कडू चव जाऊ दे."

कठड्यावर वर्तमानपत्र अंथरलेलंच होतं. सदानंदराव बसले. पण जीव अजून थाऱ्यावर नव्हता. खुनी आईच्या दारात पोचला, आणि ते म्हणाले, "त्याने उजवा हातमोजा काढला..."

"आधी डावा!" चार-पाच आवाज एकदम आले.

"हो, डावा. आईने त्याला भाकरी..."

"वरणभात हो काका!" विनितावहिनी वैतागल्या. "राग मानू नका, पण मूळ सिनेमा तुम्ही काही नीट पाहिलेला दिसत नाही."

"असेल," सदानंदराव म्हणाले. आठवडाभरात पहिल्यांदा त्यांना हसू आलं. पुढचा सिनेमा मग अंगणानेच सांगून संपवला. त्यांच्याकडे फक्त दाराची करकर राहिली.

इन्स्पेक्टर दाराआडून निघतो न निघतो, तोच वरून हाक आली, "अहो, हात धुऊन बसा! पानं वाढतेय!"

अंगण खो खो हसलं. "घ्या!" हर्षवर्धन ओरडला. "काकूंनी डायलॉग ढापला!"

सदानंदराव जिना चढून वर आले. मनोरमाबाई मेणबत्तीच्या उजेडात भात वाढत होत्या.

"एवढं हसायला काय झालं खाली?"

"तू नक्कल करतेस म्हणतात."

"मी? कुणाची?"

सदानंदराव मोरीत गेले. आधी डावा हात धुतला, मग उजवा, आणि पानावर येऊन बसले.