मेंढी विकायला नेली नव्हती

माजलगावची ती मेंढी माझ्या डोक्यातून अजून जात नाही. तक्रार साधी होती. उसाच्या पट्ट्यातून कळप घेऊन चाललेल्या एका मेंढपाळाची मेंढी चोरीला गेली. आम्ही पोलिसांनी काय केलं? नेहमीचंच. सगळ्यात आधी मटणवाल्याला उचललं. पुरावा काहीही नाही. सकाळपासून त्याला ठाण्यातल्या बाकावर बसवलं, दुकान बंद. याला आम्ही तपास म्हणायचो.

दुपारी तोच म्हणाला, "साब, एक म्हातारा रोज दुकानात येतो. मटण घेत न्हाई. बांधलेल्या मेंढरांचे खुर बघतो, त्यांच्याशी बोलतो, जातो. चार दिवस झाले, आला न्हाई. त्याला इचारा. मला किती बसवणार?"

म्हातारा मुलाच्या पत्र्याच्या खोलीत सापडला. मेंढी खाटेला बांधलेली, पुढ्यात हिरवा पाला. मुलगा साखर कारखान्यात कामाला. चराईला रान उरलं नाही म्हणून त्याने बापाचा कळप विकला आणि त्याला गावाहून इथं आणलं. तेव्हापासून म्हाताऱ्याचं अन्न तुटलं, झोप गेली, माणसांशी बोलणं बंद झालं.

मटणवाल्याला सोडलं. माफी मागितली नाही, हेही लिहून ठेवतो.

मी म्हाताऱ्याला दरडावलं, "कावून चोरली?"

"इकायला न्हाई नेली, साहेब. जवळ आसली की डोळा लागतो."

"मग एक पाळायची."

"खोलीचा मालक न्हाई म्हणतो."

गुन्हा दाखल केला असता तर म्हातारा कोठडीत गेला असता. तेवढ्यात मेंढपाळ आला. त्याने मेंढीचे खुर उचलून पाहिले. वाढलेले खुर नीट कापून हळद भरली होती.

"लंगडत व्हती," तो म्हणाला. "मला बघायला सवड न्हाई झाली. ऱ्हाऊ द्या, साहेब. तक्रार न्हाई."

मी मुलाला म्हटलं, "सरकारी दवाखान्यात मनाच्या डॉक्टरला दाखव."

"कावून? बाप येडा न्हाई माझा."

प्रकरण मिटवायला म्हाताऱ्याचा जबाब लिहिताना हवालदाराने विचारलं, "धंदा काय?"

मुलगा म्हणाला, "काई न्हाई. घरीच आसतेत."

म्हातारा ताठ बसला. "मेंढरं राखतो. लिवा."

मुलाने बापाकडे पाहिलं. मग मला हळूच विचारलं, "कोन्त्या वारी आसतो डॉक्टर?"

माणूस गाव सोडून आला की आपण विचारतो, खोली मिळाली का, नळ आहे का. त्याचं काम आणि त्याची सोबत मागे राहिली, याची नोंद कोणत्याच कागदावर होत नाही. तो आतून मोडत जातो. मग एक दिवस मेंढीशेजारी झोपला, तर आपल्याला तो चोर वाटतो नाहीतर येडा. मला चोर वाटला होता.