केबलवरचे सर आणि माझी कार्डं

सरांना काहीही येत नव्हतं. हे मी रागाने म्हणत नाही, माहिती म्हणून सांगते. वर्षाहून जास्त काळ मी त्यांना प्रश्न काढून दिले, उत्तरंही लिहून दिली. तेव्हा त्यांच्या डोक्यात किती होतं आणि माझ्या कार्डांवर किती, हे माझ्याइतकं कोणालाच ठाऊक नव्हतं.

सुरतेतल्या उधन्याच्या मराठी शाळेत मी भूगोल आणि इतिहास शिकवायचे. सर आमच्याकडे हिंदीचे हंगामी शिक्षक म्हणून आले आणि दीड वर्ष टिकले. फळ्यावर ऱ्हस्व-दीर्घाचा घोळ घालायचे आणि एखाद्या पोरीने चूक दाखवली की "आता नवीन नियम आलाय" असं ठोकून द्यायचे. आवाज मात्र त्यांना खरंच देणगी म्हणून मिळाला होता, ते मी नाकारत नाही. पंधरा ऑगस्टला त्यांनी "सावधान" म्हटलं की फाटकाबाहेरचा रिक्षावालाही पाठ सरळ करायचा. त्या आवाजावर ते आधी गणपती मंडळांचे निवेदक झाले, मग लग्नांच्या स्वागत समारंभांचे. चौऱ्याण्णवच्या प्लेगच्या भीतीने गावाकडे पळालेली माणसं सुरतेत परत आली, त्याच्या पुढच्या वर्षी केबलवाल्याने त्यांना उचललं.

तेव्हा भागाभागातला केबलवाला स्वतःचंही एक चॅनेल चालवायचा. त्यावर दिवसभर जुने सिनेमे, साड्यांच्या जाहिराती आणि कुणाच्या तरी नातवाच्या वाढदिवसाचे फोटो. आमच्या केबलवाल्याला काहीतरी 'घरंदाज' हवं होतं. एक साडीचा व्यापारी खर्चाला तयार झाला आणि रविवारी सकाळी अर्ध्या तासाची प्रश्नमंजूषा ठरली.

सर घारीचा डबा घेऊन आमच्या घरी आले.

"बाई, प्रश्न तुम्ही काढायचे. नद्या, राजधान्या, राजे, शोध, सगळं. हिंदीत लिहा. आणि उत्तर कार्डाच्या मागे, मोठ्या अक्षरात."

"आधी एकदा वाचून घ्याल ना पण?"

"त्यात वाचायचं काय? उत्तर मागे आहेच की."

मी हसले आणि हो म्हणाले. का म्हणाले, तेही सांगून टाकते. सहावीच्या वर्गाबाहेर माझ्या माहितीची कुणालातरी गरज पडली, असं पहिल्यांदाच घडत होतं. शेवटी नाव येईल असंही सर म्हणाले होते. ते कधी आलं नाही. साडीवाल्याचं मात्र तीनदा यायचं.

चित्रीकरण महिन्यातून दोन शनिवारी दुपारी, व्यापाऱ्याच्या गोदामाच्या तिसऱ्या मजल्यावर. मागे न खपलेल्या हिरव्या कापडाचा पडदा, दोन टेबलं, आणि एका वायरमनने जोडून दिलेल्या दोन घंट्या. लग्नाचं शूटिंग करणारा पोऱ्याच कॅमेरा धरायचा. आवाज येतो म्हणून पंखे बंद. समोर चाळीस-पन्नास माणसं घामाने निथळत बसायची आणि सर कोट घालून यायचे. डोळे ठणठणीत होते, तरी त्यांनी साध्या काचेचा चष्मा करून घेतला होता. कुणी बरोबर उत्तर दिलं की तो चष्मा नाकावर खाली घ्यायचा, दोन क्षण थांबायचं, जणू हा माणूस आपल्या पंगतीला बसण्यालायक आहे का ते तपासतोय, आणि मग मान डोलवायची. या डोलवण्यावर सुरत फिदा झाली.

सहा महिन्यांत सर 'ज्ञानी सर' झाले. फरसाणाच्या दुकानाची फीत कापायला सर. ब्यूटी पार्लरला सर. बारडोलीच्या कुठल्याशा संमेलनात ते उसावर पाऊण तास बोलून आले. पेर कुठे असतं आणि मूळ कुठे, हे त्यांना माहीत असेल असं मला वाटत नाही. माझ्या शेजारणीने त्यांना रस्त्यात गाठून थायरॉइडच्या गोळ्या जेवणाआधी घ्यायच्या की नंतर, ते विचारलं. सरांनी चष्मा खाली घेतला आणि सांगितलं, "मधोमध." ती बिचारी आठवडाभर अर्धं जेवण झालं की उठून गोळी घ्यायची.

मुळात सर धुळ्याकडचे. त्यांच्या घरी अहिराणी. पण चॅनेलवर आल्यापासून त्यांची मराठी एकाएकी सुटली. अर्धं उधना मराठी बोलायचं, त्यांचं नाव तिथूनच मोठं झालं होतं, आणि हा माणूस आमच्याशीही गुजराती सुरात हिंदी बोलायला लागला. शाळेच्या फाटकाशी मी त्यांना मराठीत काही विचारलं, तर इकडेतिकडे बघून म्हणाले, "हां हां, ठीक छे."

ज्या भागामुळे मी हे सगळं लिहितेय, तो दुसऱ्या वर्षीच्या उन्हाळ्यातला. त्या दिवशी एका टेबलावर साडीवाल्याचा भाचा होता, कॉमर्स कॉलेजचा. दुसऱ्यावर यंत्रमागावर काम करणारे एक गृहस्थ, पन्नाशीचे, माझ्या वर्गातल्या एका मुलीचे वडील. इस्त्रीचा पांढरा शर्ट, वरचं बटणही लावलेलं. गाव भुसावळच्या बाजूचं. शिक्षण सातवी. पण वडापावच्या कागदावरची बातमीही चुरगळण्याआधी वाचून काढणारा माणूस. मीच त्यांना अर्ज भरायला लावला होता.

ते छान खेळले. शेवटचे दोन प्रश्न उरले तेव्हा दोघे बरोबरीत होते. बक्षीस होतं मिक्सर. सरांनी कार्ड वाचलं, "तापी नदी का उद्गम कहाँ है?"

त्यांनी घंटी दाबली. "मुलताई. मध्य प्रदेशात, बैतूल जिल्हा."

"काका, मराठी नहीं. हिंदी में."

त्यांनी तेच हिंदीत सांगितलं. सरांनी कार्ड उलटलं. गोंधळ काय झाला तो मला बसल्या जागेवरून दिसला. घामाने दोन कार्डं एकमेकांना चिकटली होती आणि सर खालच्या कार्डामागचं उत्तर वाचत होते. खालचं कार्ड गोदावरीचं होतं.

सरांनी चष्मा खाली घेतला. दोन क्षण थांबले. "खोटो जवाब! सही जवाब है, त्र्यंबकेश्वर."

त्या गृहस्थांना आधी वाटलं, सर गंमत करताहेत. ते हसले. मग हळूच म्हणाले, "सर, ती गोदावरी. मी तापीच्या काठचा माणूस आहे. मुलताईचं कुंड मी या डोळ्यांनी पाहिलंय."

"काका," सर समोरच्या लोकांकडे वळून म्हणाले, "लूम चलाते हो ना? लूम की बात होगी तो हम आप को पूछेंगे."

लोक हसले. पन्नास माणसं, तापीचं पाणी पिऊन वाढलेली, हसली. पुढचा प्रश्न भाच्याला सोपा गेला आणि मिक्सर मामाच्या दुकानातून भाच्याच्या घरी गेला.

मी त्या सगळ्या वेळात कुठे होते? कॅमेऱ्याच्या मागे, खुर्चीवर. मांडीवर माझी वही. त्यात माझ्याच अक्षरात 'मुलताई' लिहिलेलं. मी उठले नाही. चित्रीकरण चालू आहे, मध्ये कसं बोलायचं, असं मनाला सांगितलं. सरांविषयी मी आजवर पुष्कळ वाईट बोलले आहे, पण त्या खुर्चीवरच्या बाईविषयी बोलायला मला बरीच वर्षं लागली.

सगळे गेल्यावर मी वही त्यांच्यापुढे धरली. "सर, कार्ड चुकीचं उलटलंत. एवढा प्रश्न परत घ्या, किंवा तो भाग कापा."

कोट काढता काढता ते, चॅनेलवर आल्यापासून पहिल्यांदाच, माझ्याशी मराठीत बोलले. "बाई, आता कोण परत बोलावणार सगळ्यांना? आणि लोकांना काय कळतंय? टीव्हीवर दिसलं की तेच खरं."

मला त्यांचा राग आला तो आलाच. अधिक राग याचा आला की त्यांचं खरं निघालं.

पंधरा दिवसांनी सातवीची घटक चाचणी होती. तापीच्या उगमावर प्रश्न होता, दरवर्षीच असायचा. त्रेचाळीस मुलांपैकी अकरा जणांनी 'त्र्यंबकेश्वर' लिहिलं. मी फुल्या मारल्या. दुसऱ्या दिवशी एका मुलाचे वडील पेपर घेऊन शाळेत हजर.

"ज्ञानी सरांनी स्वतः सांगितलंय. आम्ही घरातल्या सगळ्यांनी ऐकलंय."

मी नकाशा उघडला, नदीवर बोट ठेवून त्यांना वर वर मुलताईपर्यंत नेलं. त्यांनी नीट पाहिलं आणि विचारलं, "हे पुस्तक कधीचं आहे?"

"का?"

"नाही, जुनं असेल. त्यांच्याकडे नवीन माहिती येत असेल."

नदीचा उगम दरवर्षी बदलतो अशी त्यांची समजूत होती की काय, देव जाणे. मी म्हटलं, "त्यांच्याकडे येते ती माहिती मीच पाठवते." त्यांनी माझ्याकडे अशा काही नजरेने पाहिलं, जणू मी मुख्यमंत्र्यांची भाषणं लिहिते असं सांगितलं होतं.

त्या संध्याकाळी मी त्या गृहस्थांच्या घरी गेले. एका खोलीचं घर, भिंतीला बाबासाहेबांचा फोटो, खाली रद्दीतून निवडलेली मासिकं नीट रचलेली. बायकोने चहा ठेवला. मी झालेला घोळ सांगितला, कार्डं कशी चिकटली ते सांगितलं, माफी मागितली. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं, बाई?"

"हो."

"तुम्ही तिथंच होता ना?"

"हो."

त्यांनी चहा आग्रहाने दुसऱ्यांदा भरला. त्यांची मुलगी, माझी विद्यार्थिनी, कोपऱ्यात पाठ करून गृहपाठ करत होती. मी निघेपर्यंत तिने मागे वळून पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी सरांकडे उरलेली कार्डं पोचवली आणि काम सोडलं. वर त्यांना म्हटलं, "पुढच्या रविवारी चूक कबूल करा." ते म्हणाले, "ज्ञानी माणूस चुकला असं सांगितलं तर लोक कुणावर विश्वास ठेवतील?"

मग मला जे सुचलं ते मी केलं. त्या गृहस्थांना शाळेत बोलावलं. येतील असं वाटलं नव्हतं. पण कारखान्याच्या सुटीच्या दिवशी ते आले, तोच पांढरा शर्ट घालून. तरुणपणी ट्रकवर क्लीनर असताना मुलताईला दोन दिवस गाडी बंद पडली होती, तेव्हाचं सगळं त्यांनी सातवीला सांगितलं. कुंड केवढं, पायऱ्या कशा, कासवं कुठे बसतात. "आपल्या पुलाखालून जाते ती तापी तिथं एवढीशी," असं म्हणून त्यांनी दोन्ही हात पसरले. त्याआधीच्या दहा वर्षांत माझ्या भूगोलाच्या तासाला इतकी शांतता कधी नव्हती.

एका मुलाने विचारलं, "मग टीव्हीवरचे सर खोटं बोलले?"

"खोटं नाही रे. त्यांना माहीत नव्हतं. माहीत नसणं काही पाप नाही."

हा त्यांचा मोठेपणा. तो माझ्यात नाही, आणि यायलाही नको.

माझ्यावाचून कार्यक्रम बंद पडेल अशी मला खात्री होती. तो आणखी तीन वर्षं चालला. सर बाजारातल्या गाइडमधून प्रश्न उचलायचे, गाइडमधल्या छपाईच्या चुकाही उचलायचे, आणि फरक कुणालाच पडला नाही. पुढे मोठी चॅनेलं घरोघर आली, केबलवाल्याचं चॅनेल मागे पडलं, तेव्हा सरांनी 'व्यक्तिमत्त्व विकास' नावाचे वर्ग काढले. पलसाण्याच्या डाइंग मिलवाल्यांची मुलं गाडीने यायची. म्हणे प्रवेश मिळायला थांबावं लागायचं.

नव्या शतकाचं पहिलं दशक संपता संपता उधन्यातच एका लग्नात ते दिसले. माणसांच्या घोळक्यात उभे राहून चंद्रावरच्या पाण्याविषयी बोलत होते. त्यांची म्हातारी आई माझ्या शेजारच्या खुर्चीत बसली होती. तिने माझा हात धरला, घोळक्याकडे बोट केलं आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "हाऊ मना आंडोर शे!" माझा मुलगा.

घोळका वळला. सरांचं बोलणं अडलं. क्षणभर त्यांनी आईकडे असं पाहिलं, जणू ही बाई कोणत्या भाषेत बोलतेय ते त्यांना कळत नाही. मग चष्मा सारखा करून ते पुन्हा चंद्राकडे वळले. म्हातारीला काहीच खटकलं नाही. ती कौतुकाने बघत राहिली. मी मात्र तिचा हात हातात ठेवला आणि जेवणाची पंगत बसेपर्यंत तिच्याशी तिच्याच भाषेत, मला येत होती तेवढी, बोलत बसले.