चार लूम, एक माणूस

संगणकाच्या बाईंची ती जागा मला जीव तोडून हवी होती. आधीच्या दोन शाळांनी नमुना पाठ पाहून "कळवतो" म्हटलं होतं, ते अजून कळवतायत. ही शाळा तर घराजवळ, म्हणजे ठाण्याला जाताना रोज लागणाऱ्या कशेळीच्या ट्रॅफिकमधून सुटका.

नमुना पाठाला विषय मिळाला सिंगल-कोर आणि मल्टी-कोर प्रोसेसर. म्हटलं, भिवंडीची पोरं आहेत, लूमचं, म्हणजे कापड विणणाऱ्या यंत्रमागाचं उदाहरण दिलं की काम फत्ते. फळ्यावर एक लूम काढला, शेजारी चार. "एक लूम म्हणजे सिंगल-कोर, चार लूम म्हणजे चार कोर. चार कामं एकाच वेळी!" मागच्या बाकावरच्या मुख्याध्यापिकांनी मान डोलावली. मी स्वतःवरच खूश.

तेवढ्यात एक मुलगी उठली. "बाई, असं न्हाय. माझे पप्पा एकटेच चार लूम बघतात. इथं धागा तुटला की इथं धावतात, तिथं तुटला की तिथं. बघणाऱ्याला वाटतं सगळीकडं एकदमच हायेत. मग कोर म्हणजे माणूस ना? चार कोर पाहिजे तर माणसं चार लागतील."

खरं सांगते, आधी तिला खाली बसवावंसं वाटलं. पण ती बरोबर होती, आणि ते अख्ख्या वर्गाला ठाऊक होतं. मी कारकुनाच्या घरातली. लूमचा खडखडाट जन्मभर ऐकला, कारखान्यात पाऊल मात्र कधी टाकलं नव्हतं. मी फळा पुसला आणि खडू तिच्या हातात दिला.

तिने चार माणसं काढली. मी विचारलं, "आणि काम एकाच लूमचं असलं तर?"

"तिघं चहाला जातील!" वर्ग ओरडला. मल्टी-कोरची अडचण इतक्या सोप्या शब्दांत मलाही सांगता आली नसती.

"पाठ तर तिनेच घेतला," मुख्याध्यापिका नंतर म्हणाल्या. मी पर्स उचलून निघालेच होते. "सोमवारपासून या. त्याआधी एकदा लूमचा कारखाना बघून या. शुक्रवारी नको, कारखान्यांना सुट्टी असते."

गेले, त्या मुलीचे पप्पा काम करतात तिथेच. मुलीचं कौतुक तिच्या वडिलांना सांगायचं होतं, पण त्यांना उभं राहायला फुरसत नव्हती. मग मीच त्यांच्या मागे फिरले. खडखडाटात ओरडत एक वाक्य पहिल्या लूमपाशी सुरू केलं, ते चौथ्यापाशी पुरं झालं. तिथे ते हसले, आणि पुन्हा पहिल्याकडे धावले.