खोक्यातला माड

माझ्या थोरल्या भावाने टोरोंटोत आपल्या मागच्या अंगणात ताडाच्या जातीचं एक झाड लावलं, आणि तेव्हापासून तो माझ्या मनातून जो उतरला तो उतरलाच. जिथे चार-पाच महिने जमीन गोठून पडते, तिथे या गृहस्थाला ताड हवा होता. का, तर शेजारचा म्हातारा गोरा म्हणाला, ‘इथे ते जगणार नाही.’ आमच्या दादाला कोणी नाही म्हटलं की त्याला ते करायचंच असतं. शाळेत असताना असाच एकदा तो विहिरीत उतरला होता आणि त्याला वर काढायला आळीतली चार माणसं लागली होती.

मी सिंगापुरात राहते, मरीन परेडला, अकराव्या मजल्यावर. खाली उतरून भुयारी वाटेने हमरस्ता ओलांडला की ईस्ट कोस्टचा किनारा लागतो. तिथे माड इतके आहेत की कोणी त्यांच्याकडे ढुंकूनही बघत नाही. नारळ धरले की पार्कची माणसं शिडीची गाडी आणतात आणि ते कोवळेच उतरवून टाकतात, उगाच कोणाच्या टाळक्यात पडायला नकोत.

बाबा गेल्यावर, दोन हजार चौदा साली, आई लाँग टर्म व्हिजिट पासवर आमच्याकडे आली. तिचं माहेर गुहागरकडचं, वडिलांची नारळी-पोफळीची वाडी. दादाच्या झाडाला ती माडच म्हणायची. तो माड नाही, त्याला नारळबिरळ लागत नाहीत, हे सांगून सांगून मी दमले.

आईला एकच गोष्ट हवी होती. दादाने यावं. बाबांच्या दिवसांना तो चार दिवस येऊन गेला, त्यानंतर फिरकला नाही. दर रविवारी सकाळी साडेनऊला त्याचा व्हिडिओ कॉल यायचा, तिकडे शनिवारची संध्याकाळ उलटलेली असायची. आई नऊपासूनच इस्त्रीची साडी नेसून टॅबलेटसमोर बसायची. ‘कधी येतोस?’ हा तिचा पहिला प्रश्न. दादाचं उत्तर ठरलेलं. उन्हाळ्यात मुलांचे कॅम्प, हिवाळ्यात झाड.

हिवाळ्यात झाड म्हणजे काय ते ऐका. ऑक्टोबर संपत आला की पानं वर ओढून सुतळीने बांधायची. बुंध्याशी वाळक्या पाल्याचा ढीग. खोडाभोवती नाताळच्या दिव्यांची माळ, तीही जुन्या पद्धतीचीच, कारण नव्या दिव्यांना ऊब नसते. वरून गोणपाट. त्याच्याभोवती फळ्यांचं खोकं आणि डोक्यावर उतरतं छप्पर, कारण म्हणे थंडीपेक्षा ओल वाईट. आत थर्मामीटर, त्याचा आकडा स्वयंपाकघरात दिसतो. पारा उतरला की दिवे आपोआप लागतात, पण फ्यूज उडाला तर? म्हणून घर सोडायचं नाही. जरा ऊन पडलं की छप्पर उघडून वारा द्यायचा, आणि मधला कोंब चिमटीत धरून हलकेच ओढून बघायचा. घट्ट असला तर झाड जिवंत, हातात आला तर संपलं.

हे सगळं मला तोंडपाठ आहे, कारण दर रविवारी अर्धा तास तेच चालायचं. दादा अंधारात बर्फ तुडवत फोन घेऊन खोक्यापाशी जायचा. फटींतून पिवळा उजेड दिसायचा. आई चष्मा सावरून विचारायची, “गोणपाट कोरडं आहे ना रे?” तो म्हणायचा, “कोरडं आहे, आई.” तिच्या गुडघ्यांची चौकशी त्याने कधी केली असेल तर शपथ. माझी मुलगी टोस्ट खाता खाता म्हणायची, “मामा सो फ्री, लाह.” म्हणजे मामाला दुसरा उद्योग नाही. मला तिचं सिंग्लिश त्या एका वाक्यापुरतं आवडायचं.

एकदा ऑफिसातून जेवणाच्या सुट्टीत मी त्याला फोन केला आणि म्हटलं, “आईला पांघरूण कोण घालतं, ते विचार कधीतरी.”

“तुझ्याकडे आहे ती, म्हणून मी निर्धास्त आहे गं,” तो म्हणाला. वर त्याला वाटलं, आपण माझं कौतुक केलं.

मग आईचं सहस्रचंद्रदर्शन आलं. ऐंशी वर्षं आणि आठ महिने झाले की माणसाने हजार पौर्णिमा पाहिल्या असं धरतात. ते जानेवारीत येत होतं. सप्टेंबरातच मी दादाला दिवस सांगितला. तो म्हणाला, “जानेवारी? आई, जानेवारीत तर...” आणि त्याने मान वळवून खिडकीबाहेर अंगणात बघितलं.

मी टॅबलेट ओढून घेतला. “लाज नाही वाटत? जन्मदाती ऐंशीची झाली आणि तू खोक्याची राखण करत बसणार?”

आईने तो माझ्या हातातून शांतपणे काढून घेतला. “ओरडू नकोस त्याला. झाड टाकून कसा येईल तो?”

मला तिचाही राग आला. मुलाने पायाखाली तुडवावं आणि हिने त्याचे पाय दुखले का विचारावं, अशातली ती गत.

दादा पानं बांधायला निघाला त्या रविवारी आई म्हणाली, “अरे, बांधायच्या आधी एक कर. दोन ओंजळी खडेमीठ घे, त्यात राख कालव आणि मधल्या कोंबात दाबून भर. वरून तांब्याभर पाणी घाल. आमच्या वाडीवर असंच करायचे. मग हिवाळाभर बघायला नको.”

बड्या कंपनीतला इंजिनिअर, पण त्याने ते मुकाट्याने लिहून घेतलं. मी ओट्याशी पोहे परतत होते. कोकणात कसला आलाय हिवाळा, एवढी साधी गोष्ट दोघांपैकी एकाच्याही डोक्यात येऊ नये? दोघांच्या अकलेची कीव करत मी पोह्यांवर झाकण ठेवलं.

डिसेंबरात दादाने कळवलं, तिकीट काढलंय, येतोय.

“आणि झाड?” मी विचारलं.

“शेजारी बघेल.”

इतकी वर्षं हा शेजारी काय झोपला होता? पण आईने लिफ्टमध्ये भेटेल त्याला मुलगा येतोय म्हणून सांगायला सुरुवात केली होती, म्हणून मी गप्प बसले.

कार्यक्रम घरीच केला. पूजा सांगायला जुरोंग ईस्टचे एक गृहस्थ आले. आठवडाभर ते सॉफ्टवेअर लिहितात, शनिवार-रविवार पूजा सांगतात. ओवाळताना दिवे विझू नयेत म्हणून पंखे बंद केले, तर दादा घामाने निथळला. आईने पदराने त्याचं कपाळ पुसलं. पन्नाशीचा घोडा, पण लहान मुलासारखा उभा राहिला. रोज सकाळी तो तिला शेजाऱ्याने पाठवलेला फोटो दाखवायचा. बर्फात उभं असलेलं खोकं, फटींतून उजेड. आई बघायची आणि म्हणायची, “छान.”

जायच्या आदल्या संध्याकाळी आम्ही दोघं किनाऱ्यावर फिरायला गेलो. एका माडापाशी थांबून त्याने बुंध्यावर हात ठेवला.

“बघ,” मी म्हटलं, “याला कोणी गोणपाट गुंडाळत नाही, तरी मेला नाही.”

“माझं मेलं,” दादा म्हणाला. “नोव्हेंबरच्या शेवटी कोंब ओढून बघितला, तो हातातच आला. कुजून घाण वास येत होता. मी तोडून टाकलं. खोक्यात आता नुसते दिवे आहेत.”

त्याचे डोळे भरून आले होते.

“आईला सांगू नकोस. तिला वाटेल, तिच्या मिठाने गेलं. मीठ नाही गं, माझंच चुकलं. पाणी जास्त पडलं असणार.”

“म्हणजे झाड मेलं म्हणून तू आलास?”

“रिकाम्या खोक्यासाठी काय थांबायचं? म्हटलं, जाऊन येऊ.”

त्याच्या थोबाडीत मारावी असं वाटलं. पण आईला सांगणार नाही असं वचन मात्र मी दिलं.

दुसऱ्या दिवशी चांगी विमानतळावर त्याला सोडून परत आले, तर आई त्याने आणलेल्या शालीची घडी घालत होती. टॅबलेटवर शेजाऱ्याचा नवा फोटो येऊन पडला होता. मी तो तिच्यापुढे धरला.

“ठेव ते,” आई म्हणाली. “रिकामं खोकं किती दिवस बघायचं?”

“दादाने सांगितलं तुला?”

“तो कशाला सांगतोय? मीठ घालतात ते खालच्या पानांच्या बेचक्यात, तेही चिमूटभर. कोंबात मीठ गेलं की माड मरतो. आमच्या वाडीवर हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं.”

“आई! पोटच्या पोरासारखं जपलं होतं गं त्याने ते.”

“जपलं होतं ना?” तिने शाल कपाटात ठेवली. “मग ते उभं असतं तर आला असता का?”

इतकी वर्षं मी दादाला फक्त टोमणे मारले होते, आणि त्या टोमण्यांनी तो एक दिवसही लवकर आला नव्हता. ज्या बाईच्या अकलेची मी कीव केली होती, तिने दोन ओंजळी मिठात त्याला आणला होता. कीव करायचीच होती तर माझी करायला हवी होती.

पुढच्या रविवारी आई नऊलाच साडी नेसून बसली. दादा अंधारात खोक्यापाशी उभा होता.

“गोणपाट कोरडं आहे ना रे?”

“कोरडं आहे, आई.”

“आता परत कधी येतोस?”

“बघू. उन्हाळ्यात मुलांचे कॅम्प असतात. आणि वसंतात याच्या शेजारी आणखी एक झाड लावायचं म्हणतोय, याला सोबत. मग हिवाळ्यात दोन-दोन सांभाळायची म्हणजे...”

आईने चष्मा सावरला.

“लाव, लाव,” ती म्हणाली. “खडेमीठ आहे ना रे घरात?”